सोळाव्या वर्षी बरोबरीत, विसाव्या वर्षी मागे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अहमदाबादेत कांकरियाजवळच्या स्टेडियममध्ये ३० नोव्हेंबर २०२५ रोजी भारताच्या १७ वर्षांखालील फुटबॉल संघाने इराणला २-१ असे हरवले आणि पुढील वर्षी सौदी अरेबियात होणाऱ्या आशियाई स्पर्धेची पात्रता मिळवली. आपल्या दैनिकाने ही बातमी क्रीडा पानाच्या डोक्यावर, छायाचित्रासह आणि सविस्तर छापली, त्याबद्दल प्रथम आभार मानतो. बडोद्यासारख्या क्रिकेटवर जीव टाकणाऱ्या शहरात फुटबॉलच्या कुमार संघाला एवढी जागा मिळणे ही साधी गोष्ट नव्हे. मात्र बातमीशेजारच्या चौकटीत या संघाचा जो इतिहास दिला होता तो भारतात झालेल्या १७ वर्षांखालील मुलांच्या २०१७च्या विश्वचषकापासून सुरू होत होता, आणि त्याआधी आपल्याकडे काहीच नव्हते व आता सारे काही मिळू लागले आहे असा त्याचा एकंदर सूर होता. यातले पहिले खरे नाही आणि दुसऱ्याबद्दल मला गंभीर शंका आहे. आपल्या युवा संघांचा इतिहास जुना आहे, त्यात खरोखरीचे मोठे विजय आहेत, आणि त्या प्रत्येक विजयानंतर त्या मुलांचे काय झाले हे सांगितल्याशिवाय तो अर्धाच राहतो. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सुरुवात १९७४पासून करावी लागेल. त्या वर्षी एप्रिलमध्ये बँकॉक येथे आशियाई युवा स्पर्धेचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात झाला, तो २-२ असा बरोबरीत सुटला आणि दोन्ही देशांना संयुक्त विजेते घोषित करण्यात आले. शब्बीर अली कर्णधार होते आणि १९६२च्या जकार्ता आशियाई खेळांत सुवर्णपदक जिंकलेल्या संघातले अरुण घोष प्रशिक्षक होते. त्या काळी या वयोगटात आशियात इराणचा दबदबा होता हे लक्षात घेतले म्हणजे त्या बरोबरीचे मोल कळते. आशियाचे विजेतेपद आपल्या युवा संघाला त्यानंतर आजतागायत मिळालेले नाही. त्या मुलांचे दुर्दैव असे की आशिया जिंकूनही त्यांना पुढे जायला जागाच नव्हती: फिफाने युवकांची जागतिक स्पर्धा सुरू केली ती १९७७मध्ये, ट्युनिशियात, आणि त्याहून लहान मुलांची १९८५मध्ये, चीनमध्ये. युवकांची ती स्पर्धा तीन-चार वर्षे आधी सुरू झाली असती तर विश्वचषकात खेळण्यासाठी आपल्याला २०१७पर्यंत आणि यजमानपदापर्यंत थांबावे लागले नसते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

परंतु त्या पिढीजवळ एक गोष्ट होती, जी आजच्या मुलांजवळ नाही, आणि माझ्या सांगण्याचा सारा रोख तिच्यावरच आहे. त्यांना खेळायला सामने होते. एकोणीस वर्षांचा मुलगा बँकॉकहून परत आला की त्याच्यासाठी कोलकात्याची लीग होती, मुंबईत हारवूड लीग होती, कूपरेजवर रोव्हर्स चषक होता, दिल्लीत ड्युरँड होता, राज्याच्या वतीने संतोष करंडक होता. रेल्वे, बँका, टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, महिंद्र यांचे संघ होते आणि त्यांत नोकरीसह जागा मिळत असे. शब्बीर अली स्वतः मुंबईत टाटांकडून खेळले, पुढे कोलकात्यातील मोठ्या क्लबांत गेले, वरिष्ठ भारतीय संघात आले आणि निवृत्तीनंतर प्रशिक्षक झाले. ती व्यवस्था आदर्श होती असे मी म्हणत नाही. मैदाने वाईट होती, आहाराचे नाव कोणी काढत नसे. पण पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत मोठ्या माणसांविरुद्ध, चुरशीचे, प्रेक्षकांसमोरचे सामने होत असत. आता रोव्हर्स चषक बंद पडून दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे आणि ज्या गिरण्यांचे व कंपन्यांचे संघ होते त्यांतले बहुतेक इतिहासजमा झाले आहेत.

मधल्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. २००२मध्ये संयुक्त अरब अमिरातीत १७ वर्षांखालील आशियाई स्पर्धेत आपण उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि दक्षिण कोरियाकडून हरलो. २००६मध्ये युवा आशियाई स्पर्धा भारतातच झाली. एवढ्या दोन नोंदी केल्या तरी पुरे.

२०१७चा विश्वचषक मात्र विसरण्यासारखा नाही. यजमान म्हणून मिळालेली ती जागा होती, गट अवघड होता, आणि दिल्लीतील तिन्ही सामने आपण गमावले: अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४. केवळ हे आकडे वाचणाऱ्याला वाटेल की त्या संघात काही नव्हते. प्रत्यक्षात ९ ऑक्टोबरचा कोलंबियाविरुद्धचा सामना ज्यांनी पाहिला त्यांना आठवत असेल की पूर्वार्धात राहुल कन्नोलीचा फटका गोलखांबावर आदळून परत आला होता. एका गोलने पिछाडीवर असताना ८२व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनने कॉर्नर घेतला, जॅक्सन सिंगने उंच उडी मारून डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला आणि विश्वचषकाच्या इतिहासात भारताच्या नावावर पहिला गोल लागला. सारे स्टेडियम उभे होते. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाच्या पेन्यालोसाने आपला दुसरा गोल केला. गोलचा आनंद साजरा करून परतलेल्या आपल्या बचावफळीला आपापल्या जागा घेण्याइतकीही उसंत मिळाली नव्हती. अशा वेळी चेंडू थोडा वेळ आपल्याकडे ठेवावा, सामना थंड करावा, हे कोणत्याही पुस्तकातून शिकता येत नाही. ते वीस-तीस चुरशीच्या सामन्यांत अंगी मुरते, आणि त्या मुलांनी परदेश दौरे पुष्कळ केले असले तरी गुणांसाठी खेळले जाणारे सामने फारसे खेळलेच नव्हते.

इथे जरा बाजूला जाऊन एक सांगतो. त्याच वर्षी मे महिन्यात ‘भारताच्या मुलांनी इटलीला २-० असे हरवले’ अशी बातमी देशभर झळकली होती. नंतर उघड झाले की समोरचा संघ इटलीचा राष्ट्रीय संघ नव्हता, खालच्या श्रेणीतील क्लबांमधून निवडलेल्या मुलांचा तो संघ होता. त्या दिवशी ज्यांनी मोठी मथळ्यांची अक्षरे छापली त्यांपैकी किती जणांनी खुलासाही तेवढ्याच ठसठशीतपणे छापला, हे तपासण्यासारखे आहे. मुलांची त्यात काहीच चूक नव्हती, पण अशा बातम्यांनी आपली समजूत मात्र बिघडते.

विश्वचषकानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने एक चांगले काम केले. त्या मुलांचा ‘इंडियन ॲरोज’ हा संघ पुन्हा उभा केला आणि त्याला देशातील व्यावसायिक क्लबांच्या आय-लीगमध्ये मोठ्यांविरुद्ध उतरवले. पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला ३-० असे हरवले आणि त्यात दोन गोल आपल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे होते. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात आणि सारे शहर लोटते, हे बडोद्यातील ज्या मराठी घरांचे कोल्हापूरशी नाते आहे त्यांना सांगायला नको. तिथला मुलगा विश्वचषक खेळून पुढे आय-लीगमध्ये गोल करतो यात मला वेगळाच अभिमान वाटला होता. हंगामात ॲरोज तळाला राहिले, पण ते अपेक्षितच होते. त्यांना तिथे जिंकण्यासाठी धाडलेलेच नव्हते.

याचे फळ किती लवकर दिसले पाहा. ऑगस्ट २०१८मध्ये स्पेनमधील व्हॅलेन्सियाजवळ कोतिफ स्पर्धेत भारताच्या २० वर्षांखालील संघाने अर्जेंटिनाला २-१ असे नमवले. दीपक तंगरीने सुरुवातीलाच हेडरने गोल केला, उत्तरार्धात अनिकेतला लाल कार्ड मिळाल्यामुळे आपण दहाच उरलो, आणि दहा जणांनिशी अन्वर अलीने फ्री किकवर दुसरा गोल केला. त्या अर्जेंटिना संघाचे प्रशिक्षक होते लिओनेल स्कालोनी, ज्यांनी चार वर्षांनी कतारमध्ये अर्जेंटिनाला विश्वविजेते केले. त्याच वर्षी मलेशियात १६ वर्षांखालील आशियाई स्पर्धेत प्रशिक्षक बिबियानो फर्नांडिस यांच्या भारतीय संघाने व्हिएतनामला १-० असे हरवले, इराण व इंडोनेशियाला गोलशून्य बरोबरीत रोखले आणि उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाशी झुंज देऊन ०-१ने हार पत्करली. संपूर्ण स्पर्धेत या मुलांनी एकच गोल खाल्ला. तो सामना जिंकला असता तर भारत स्वबळावर विश्वचषकाला पात्र ठरला असता.

आणि आता ज्या सामन्याचा उल्लेख आपल्या चौकटीत असायलाच हवा होता त्याकडे येतो. सप्टेंबर २०१९मध्ये ताश्कंद येथे १६ वर्षांखालील आशियाई पात्रता फेरी झाली. भारताने तुर्कमेनिस्तानला ५-० आणि बहारीनलाही ५-० असे हरवले, यजमान उझबेकिस्तानला त्यांच्याच घरी १-१ असे रोखले आणि गटात पहिला क्रमांक पटकावला. मुख्य स्पर्धा पुढे करोनामुळे रद्द झाली, त्यामुळे ही कामगिरी कोणाच्या लक्षातच राहिली नाही. उझबेकिस्तानचे पुढे काय झाले? मार्च २०२३मध्ये ते २० वर्षांखालील आशियाई विजेते झाले. २०२२ आणि २०२४मध्ये २३ वर्षांखालील आशियाई स्पर्धेत उपविजेते ठरले, २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये खेळले, यंदा एप्रिलमध्ये १७ वर्षांखालील आशियाई विजेतेपद मिळवले आणि जूनमध्ये त्यांचा वरिष्ठ संघ इतिहासात प्रथमच विश्वचषकाला पात्र ठरला. आपले काय झाले? आपला २० वर्षांखालील संघ २००६च्या त्या यजमानपदानंतर आशियाई स्पर्धेच्या मुख्य फेरीत एकदाही पोहोचलेला नाही. २३ वर्षांखालील आशियाई स्पर्धा सुरू झाल्यापासून आपण तिला कधीच पात्र ठरलेलो नाही. यंदा सप्टेंबरमध्ये बहारीनला २-० आणि ब्रुनेईला ६-० असे हरवूनही कतारकडून १-२ने झालेल्या पराभवामुळे ती संधी पुन्हा थोडक्यात हुकली. वरिष्ठ संघ तर सिंगापूरकडून हरून २०२७च्या आशियाई चषकाच्या शर्यतीतून बाहेर पडला आणि त्यानंतर बांगलादेशकडूनही हरला.

सोळा वर्षांचे असताना बरोबरीत सुटलेले हे दोन देश विसाव्या वर्षी एकमेकांपासून इतके लांब का गेले? ‘आपल्या मुलांच्या अंगात ताकद कमी’ हे नेहमीचे उत्तर मला मान्य नाही, कारण तसे असते तर ते सोळाव्या वर्षीही दिसले असते. फरक पुढच्या चार वर्षांत पडला. उझबेकिस्तानने २०२१मध्ये राष्ट्रीय युवा खेळाडूंचा ‘ऑलिम्पिक’ नावाचा क्लब उभा केला आणि पुढच्याच वर्षापासून तो देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळू लागला. नेमक्या त्याच २०२२ साली आपण इंडियन ॲरोज बंद केला. या दोन निर्णयांकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले की मन विषण्ण होते. २०२३मध्ये थायलंडला १७ वर्षांखालील आशियाई स्पर्धेत हेच दोन देश पुन्हा समोरासमोर आले तेव्हाही आपण हरलो ते केवळ ०-१ने, आणि जपानकडून ४-८ असा मार खाल्ला असला तरी पुढे विजेता ठरलेल्या जपानवर चार गोलही चढवले. म्हणजे त्या वयात अंतर आजही फारसे नाही.

सामन्यांची ही कमतरता दिल्लीच्या फायलींतच आहे असे नाही, ती आपल्या शहरातही डोळ्यांनी दिसते. येथील शालेय स्पर्धा बाद पद्धतीने होतात. मध्यंतरी पोलो ग्राउंडवर अशीच एक स्पर्धा पाहिली. सामना वीस-वीस मिनिटांचा होता, मैदान खडीसारखे कडक होते, गोलखांबांना जाळी नव्हती, त्यामुळे चेंडू आत गेला की बाहेरून गेला यावर पंचांभोवती गर्दी जमत होती. त्यात नवापुऱ्यातला एक मुलगा होता. डावा पाय असा की उजव्या बगलेतून आत वळताना त्याच्यासमोरचा खेळाडू दर वेळी चुकीच्या पायावर सापडत होता. त्याचा संघ पेनल्टी किकवर हरला. साडेनऊच्या सुमारास त्याने बूट पिशवीत घातले, मोजे पिळले आणि तो वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून निघून गेला. त्याच्या शिक्षकांना विचारले तेव्हा समजले की शाळेच्या वतीने त्याचा पुढचा अधिकृत सामना आता पुढच्या वर्षी. तितक्याच वयाचा ताश्कंदमधला किंवा ओसाकामधला मुलगा वर्षभर दर आठवड्याला साखळी सामना खेळत असतो.

बडोद्याला ही गोष्ट समजायला जड जाऊ नये. विजय हजारे, दत्ताजीराव व अंशुमान गायकवाड, किरण मोरे, नयन मोंगिया यांच्यापासून पठाण आणि पंड्या बंधूंपर्यंत या शहराने देशाला खेळाडू दिले ते काही पाण्यात जादू आहे म्हणून नव्हे. इथल्या मुलाला सोळाव्या वर्षी विजय मर्चंट करंडक आहे, एकोणिसाव्या वर्षी कूचबिहार करंडक आहे, तेविसाव्या वर्षापर्यंत सी. के. नायडू करंडक आहे, आणि मग रणजी. कोणतीही पायरी गाळलेली नाही, आणि प्रत्येक पायरीवर हंगामभर सामने आहेत. फुटबॉलमध्ये सतराव्या वर्षानंतर जिना जवळजवळ संपतो. २०२२पासून रिलायन्स फाउंडेशनची डेव्हलपमेंट लीग सुरू झाली आहे आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. भुवनेश्वरला २०२३मध्ये फिफाच्या साहाय्याने अकादमीही निघाली. पण अकादमीत सराव होतो, आणि सरावाने सामन्याची भूक भागत नाही. त्यात २०२५ संपत आले तरी देशातील सर्वोच्च लीगच सुरू झालेली नव्हती. तिच्या व्यावसायिक हक्कांसाठी काढलेल्या निविदेला एकही बोली आली नाही, आणि डिसेंबर २०२५मध्ये हे पत्र लिहिले तेव्हा इंडियन सुपर लीगचा हंगाम केव्हा सुरू होणार हे कोणीही सांगू शकत नव्हते. अहमदाबादेत इराणला हरवलेली मुले वर्षा-दोन वर्षांत कोणत्या मैदानावर उतरणार?

वयाचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. वाढीव वयाची मुले खोट्या जन्मदाखल्यांवर खेळवून कुमार स्पर्धा जिंकण्याचा प्रकार आपल्याकडे अनेक वर्षे चालला, आणि अशी मुले विसाव्या वर्षी दिसेनाशी होतात कारण त्यांचे खरे वय तोपर्यंत तेवीस-चोवीस झालेले असते. फिफाने २००९पासून १७ वर्षांखालील विश्वचषकात मनगटाची एमआरआय तपासणी सुरू केल्याने राष्ट्रीय संघांत याला पुष्कळ आळा बसला. जिल्हा पातळीवर मात्र एका बाद सामन्यावर सारे वर्ष अवलंबून असते तोवर शिक्षकांना व पालकांना हा मोह होतच राहणार.

मुलींच्या संघांविषयी आपल्या चौकटीत एक ओळही नव्हती, ती राहून गेली असावी. २०२२च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भुवनेश्वरला आपल्या मुली अमेरिका, मोरोक्को आणि ब्राझीलकडून मोठ्या फरकाने हरल्या. पण यंदा ऑगस्टमध्ये २० वर्षांखालील मुलींनी यांगोनला म्यानमारला १-० असे हरवून वीस वर्षांनी आशियाई स्पर्धेत जागा मिळवली, आणि पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलीही पात्र ठरल्या. त्यांची कामगिरी मुलांच्या बरोबरीने छापली जावी.

इराणविरुद्धच्या सामन्याला मी प्रेक्षकांत होतो. इराणने आघाडी घेतली, मध्यंतरापूर्वी पेनल्टीवर आपण बरोबरी साधली, उत्तरार्धाच्या सुरुवातीस दुसरा गोल झाला आणि त्यानंतर शेवटच्या शिट्टीपर्यंत कोणी जागेवर बसले नाही. माझ्या शेजारी बडोद्याहूनच आलेले काही तरुण होते. सारे घसा कोरडा पडेपर्यंत ओरडत होते, पण आपल्या संघातील एकाही मुलाचे नाव त्यांतल्या कोणाला ठाऊक नव्हते. जे वर्षभर कुठे खेळताना दिसतच नाहीत त्यांची नावे ठाऊक व्हावीत तरी कशी!

महासंघाने इंडियन ॲरोजसारखा संघ पुन्हा उभा करून त्याला मोठ्यांच्या लीगमध्ये खेळवावे, आणि आपल्या राज्य व जिल्हा संघटनांनी १५ व १७ वर्षांखालील मुलांसाठी बाद पद्धत सोडून दोन फेऱ्यांची साखळी स्पर्धा हंगामभर घ्यावी, ही माझी मागणी आहे. तिला फार मोठा खर्च लागत नाही. मैदानाची वेळ, पंच आणि चिकाटी लागते. आपल्याकडून अपेक्षा एवढीच आहे की शहरातील क्रिकेटच्या साखळी सामन्यांचे धावफलक आपण जसे नियमाने छापता तसे कुमार फुटबॉलचे निकाल आणि गुणतक्ताही छापावा. तसेच सौदी अरेबियातील स्पर्धेपूर्वी भारतीय संघातील प्रत्येक मुलाचे नाव, गाव, क्लब आणि त्याने चालू हंगामात खेळलेल्या अधिकृत सामन्यांची संख्या वाचकांपुढे ठेवावी, आणि तीच यादी त्याच मुलांसाठी २०२८मध्ये पुन्हा छापावी.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे
डिसेंबर २०२५